अल्बिनाच्या नावाचं वॉरंट

आमच्या काउंटी कोर्टाच्या खिडकीवर स्वतःसाठी चौकशी करायला कोणीच येत नाही. सगळे मित्रासाठी येतात. "माझ्या एका मित्राच्या नावावर वॉरंट आहे का, बघता का जरा?" असं विचारतात, आणि मित्राची जन्मतारीख मात्र एका दमात सांगून मोकळे होतात. एकतीस वर्षं मी हे ऐकतेय. आता हसतही नाही. चष्मा खाली घेते आणि म्हणते, "बसा." बसा म्हटलं की अर्धे पळून जातात.

अल्बिना वोंद्रा त्यातली नाही. सत्तर वर्षांची बाई, गावातल्या बेकरीची मालकीण. गुरुवारी सकाळी ती खसखशीच्या कोलाच्यांचा, म्हणजे आमच्या झेक वस्तीतल्या गोड पावांचा, डबा घेऊन आली, डबा खिडकीतून आत ढकलला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डोरीन, मला माझ्या नवऱ्या मुलाची कुंडली काढून दे."

नवरा मुलगा म्हणजे लेनर्ड झाब्का. शेरीफच्या ऑफिसातला निवृत्त डेप्युटी. शनिवारी दोघांचं लग्न होतं. गावानं कधीच केक सांगून ठेवला होता, तोही अल्बिनालाच.

"अगं, लेनर्डची कसली कुंडली? त्यानं जन्मभर दुसऱ्यांना पकडलं."

"रेमंडबद्दलही सगळे असंच म्हणायचे."

रेमंड तिचा पहिला नवरा. शेजारच्या काउंटीत त्याची दुसरी बायको होती, हे अल्बिनाला त्याच्या अंत्यविधीलाच कळलं. दोघी एकाच शवपेटीपाशी रडायला उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या बाईचं लग्न तिथल्या रजिस्टरात साफ लिहिलेलं होतं. कोणी फक्त जाऊन बघितलं नव्हतं.

"एक खोटं कागदावर सापडलं तरी लग्न मोडलं," अल्बिना म्हणाली. तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं. बारा वर्षं एकटी राहून, कोणावर विश्वास न टाकून, मग कुठे ती लेनर्डला हो म्हणाली होती.

मग मी कामाला लागले. नुसत्या नावानं शोधून काही उपयोग नसतो. आमच्याकडे झाब्का पोत्यानं आहेत, त्यातले चार लेनर्ड, आणि एक तर बदक चोरायचा. म्हणून नाव आणि जन्मतारीख दोन्ही लागतात. अल्बिनानं चिठ्ठी पुढे केली: लेनर्ड झाब्का, नऊ मार्च बावन्न. कॉम्प्युटर फिरला, फिरला आणि म्हणाला, काही नाही. फौजदारी नाही, दिवाणी नाही, वाहतुकीचं चिठोरंसुद्धा नाही.

"झालं!" मी डबा उघडला.

"शेजारच्या काउंट्या?"

नेब्रास्कात काउंट्या ढीगभर, आणि प्रत्येकीचं दप्तर निराळं. शिवाय जुनं काय काय अजून कॉम्प्युटरवर चढलेलंच नाही. मी तीन ठिकाणी फोन केले. कुठेच काही नाही. वॉरंटांची ताजी यादी शेरीफकडे असते, तर ही बाई म्हणे, मीच जाऊन विचारून येते. तिथे विचारायला गेलेले कितीतरी "मित्र" तिथेच राहिलेत, असं सांगून मी तिला आवरलं. शेवटी म्हटलं, सत्त्याण्णवच्या आधीची वॉरंटं तळघरातल्या वहीत आहेत. चल, तेवढंही बघून टाक, म्हणजे मला सुखानं खाता येईल.

तळघरात वही काढली. आडनावांच्या क्रमानं असते. मला शेवटचं अक्षर हवं होतं, झेड, पण अल्बिनाचं बोट आधीच्या पानावर थांबलं ते हलेचना.

"डोरीन," ती म्हणाली, "ही कोण गं?"

मी वाचलं. वोंद्रा, अल्बिना. सन शहाऐंशी. तारखेला गैरहजर. वॉरंट चालू.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि मग जे हसू सुटलं ते आवरेना. मी शिडीला धरून हसत होते, अल्बिना खोक्यावर बसून. अडतीस वर्षं ही बाई फरारी होती! अडतीस वर्षं जजला, शेरीफला, पाद्र्याला, सगळ्या गावाला पाव विकत होती, तोही मोठ्या चौकात!

"केलं काय होतंस तू?"

"अगं, झेक मेळ्याची मिरवणूक!" डोळे पुसत ती म्हणाली. "ट्रॅक्टरच्या मागे सगळा बॅन्ड बसवला होता आणि मी एकेरी रस्त्यात उलटी घातली गाडी. बॅन्डवाले वाजवतच राहिले. पोलिसानं कागद दिला, मंगळवारी कोर्टात या म्हणून."

"मग?"

"मंगळवारी कशी येणार? मंगळवारी खसखस असते!"

ही गोष्ट आमच्या गावात कोणालाही पटेल. मंगळवारी खसखस भिजते, दळते, शिजते आणि सबंध दिवस ढवळावी लागते. मंगळवारी अल्बिना स्वतःच्या आईच्या वाढदिवसालाही गेलेली नाही.

मग ती एकदम म्हणाली, "जाळून टाक."

"मी कोर्टाची नोकर आहे गं बाई! आता बघितलं ते बघितलं. वर जजसमोर जाऊ, दोन मिनिटांत रद्द होईल." मी फाईल शोधून काढली. मूळ वॉरंट पिवळं पडलं होतं. वॉरंटाची खरी मजा पाठीमागे असते, कारण बजावायला गेलेल्या अधिकाऱ्याला दर खेपेला तिथे नोंद करावी लागते. मी उलटलं.

तिथे अकरा ओळी होत्या. दर वर्षी एक, तारीख आणि वार घालून. "गेलो. काउंटीत सापडली नाही." खाली सही, एल. झाब्का.

अल्बिनाचं हसू तिथेच थांबलं.

"सापडली नाही?" ती हळू म्हणाली. "मंगळवार आहेत हे सगळे. मी भट्टीपाशीच होते. तो यायचा, टोपी काढून ठेवायचा, दोन कोलाचे खायचा आणि जायचा. आणि इथे येऊन हे लिहायचा?"

"अगं, तुझ्यासाठीच ना..."

"एक म्हटलं होतं मी. ही अकरा आहेत. सहीनिशी."

लेनर्ड बाहेर ट्रकमध्ये वाट बघत होता. अल्बिना भाडेकराराचा कागद आणायला गेलीय, असं त्याला सांगितलेलं. मी तळघराच्या झरोक्यातून हाक मारली. तो खाली आला, वॉरंट बघितलं आणि टोपी काढली. कानापर्यंत लाल झाला.

"खोटं लिहिलंस," अल्बिना म्हणाली.

"लिहिलं."

"का?"

लेनर्डनं टोपी दोन्ही हातांनी गोल फिरवली. "पहिल्यांदा गेलो तेव्हा तू पिठात कोपरापर्यंत होतीस. म्हटलं, पुढच्या वेळी बजावू. आणि मग लक्षात आलं, एकदा बजावलं की काम संपलं. परत यायला काही कारणच उरणार नाही." टोपी फिरायची थांबली. "तुझा नवरा होता. मी कधी वेडंवाकडं बोललो का?"

"नाही."

"वर्षातनं एक मंगळवार. तेवढाच हवा होता मला."

मी उगाच फायली आवरायला लागले. अशा वेळी माझ्या डोळ्यांत पाणी येतं, आणि कामाच्या जागी ते मला अजिबात खपत नाही.

अल्बिना मात्र पाघळली नाही. "आणखी काय काय खोटं आहे? आत्ता सांग. नंतर सापडलं तर मी तुझ्या पेटीपाशी उभीसुद्धा राहणार नाही."

लेनर्डनं टोपी खोक्यावर ठेवली. "एक आहे. गेले आठ दिवस झोप नाही मला. उद्या लग्नाच्या फॉर्मवर कळणारच होतं." "मी बहात्तर वर्षांचा नाही. शहात्तरचा आहे."

"काय?"

"तूच म्हणाली होतीस, पस्तिशीपर्यंत ज्याचं लग्न होत नाही त्याच्यात काहीतरी बिघाड असतो! मी अडतीसचा होतो. घाबरलो. चौतीस सांगितलं. मग ते तसंच चालत राहिलं."

अल्बिनाचा जबडा खाली आला. मला हसू फुटायला आलं होतं, पण त्याच क्षणी डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला.

"अरे देवा! म्हणजे सकाळी शोधला तो माणूसच वेगळा!"

तारीखच चुकीची होती. बावन्न सालचा लेनर्ड झाब्का जगात नव्हताच, मग त्याच्यावर खटला कुठून असणार? मी धावत वर माझ्या खिडकीपाशी गेले, दोघं माझ्यामागे. नाव घातलं. नऊ मार्च अठ्ठेचाळीस घातलं. बोट बटणावर ठेवलं. लेनर्डचा चेहरा असा पांढरा पडला की कॉम्प्युटरमध्ये काहीतरी आहे हे मला न दाबताच कळलं.

"थांब," अल्बिना म्हणाली.

मी थांबले.

ती लेनर्डकडे वळली. "काय येईल?"

"एक खटला. बायको होती मला, याच काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाला. वर्षभर टिकलं आमचं. एकदा भांडण झालं आणि मी दार फोडलं. तिला हात लावला नाही, पण दार फोडलं. जजनं दोन दिवस आत ठेवलं. मग तिनं घटस्फोट घेतला, बरोबरच केलं. पुढे कोर्टानं ती शिक्षा रद्द केली, म्हणून नोकरी मिळाली. पण कागद काढला तर दिसेल. मला तुझ्यासमोर त्याची लाज वाटते, अल्बिना, अजूनही."

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. अल्बिनानं खिडकीच्या कठड्यावर हात टेकले.

"रेमंडला मी तेहतीस वर्षांत एकदाही काही विचारलं नाही," ती म्हणाली. "कुठे गेला होतास, एवढंसुद्धा नाही. आपण विचारलं आणि त्यानं खोटं सांगितलं तर काय करायचं, याची भीती वाटायची. ह्याला विचारलं, ह्यानं सांगितलं." तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडे वळली. "डोरीन, ते बंद कर."

"दाबू नको?"

"नको."

एकतीस वर्षांत त्या खिडकीवर मला असं कोणीही म्हटलेलं नव्हतं. मी नाव पुसलं, तारीख पुसली आणि पडदा कोरा झाला.

"आता वर चल," अल्बिनानं लेनर्डचं कोपर धरलं. "मला जजसमोर हजर कर. जमत असेल तर, शहात्तरच्या माणसाला जिना झेपत असेल तर."

"झेपतो," लेनर्ड म्हणाला, आणि फरारी बाईला घेऊन जिना चढायला लागला.