सहा-एक, सहा-दोन

“मिरेला जिंकणार, यात सांगायचं काय? मग उद्या सूर्य उगवणार हेही सांगा!” एकनाथराव बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणाले. “प्रश्न एवढाच, की किती वेळात. मी म्हणतो, पाऊण तासात खेळ खलास.”

“पण समोर आपली दीक्षा आहे, काका,” सुधीर म्हणाला.

“म्हणून तर पाऊण तास दिला. दुसरी कुणी असती तर अर्ध्या तासात गुंडाळलं असतं.”

टेबल हसलं. मीही हसलो. दीक्षा माझी मुलगी. एकुलती एक. तरी हसलो, आणि नुसता हसलो असतो तर बरं झालं असतं.

आमचं हे रोजचं आहे. सकाळी विद्यानगरच्या कोर्टावर खेळायचं, म्हणजे गुडघे सांभाळत बॉल पलीकडे ढकलायचा, आणि मग नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात बसून जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंना अक्कल शिकवायची. एकनाथरावांचं बी-बियाण्यांचं दुकान आता मुलं बघतात, त्यामुळे त्यांना टेनिस बघायला दिवस मोकळा. सुधीर विम्याचा एजंट, आमच्यात तरुण तोच. कुठलीही मोठी स्पर्धा आली की सुधीर फोन टेबलावर आडवा ठेवतो, प्रत्येकानं त्यात बोलायचं, कोण जिंकणार, कितीनं, आणि का. ते मग ग्रुपवर जातं. त्याला आम्ही भाकीत म्हणतो.

माझी भाकितं खरी ठरतात. उगाच फुशारकी नाही, ग्रुपवर कुणालाही विचारा. त्याला कारण आहे. एकनाथराव एखाद्याच्या नावावर भाळतात, सुधीरला नेहमी पडेल पैलवानाचा कळवळा. मी कुणालाच जीव लावत नाही. समोर दिसतो तो खेळ बघतो आणि बोलतो.

या वेळी स्पर्धा आमच्याच गावात होती. परदेशातल्या मुली आल्या होत्या. गावातली म्हणून दीक्षाला आयोजकांनी थेट प्रवेश दिला, आणि सोडत निघाली तर पहिल्याच फेरीत समोर रोमानियाची मिरेला, पहिलं मानांकन! दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं.

सुधीरनं फोन माझ्यासमोर आणला, आणि मग हात आखडता घेतला. “तुम्ही राहू द्या, उत्तमकाका. बाप म्हणून जड जाईल तुम्हाला.”

झालं! हे ‘बाप म्हणून’ मला झोंबलं.

कामून झोंबलं ते सांगतो. मी काचीगुडा स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीत जन्म काढला. नांदेडकडची गाडी लागली की आमचीच माणसं रांगेत असायची. आणि मागून कुणीतरी बोलायचंच, “आता हा आपल्या लोकांना आधी देणार.” खिडकीवरचं माझं नाव वाचून बोलायचे. पहिल्या वर्षी ऐकलं आणि ठरवून टाकलं, की असं बोलायला कुणाला जागाच ठेवायची नाही. सखूचा भाऊ, माझा सख्खा मेव्हणा, आजारी आईला न्यायला तिकीट मागायला आला तेव्हा त्यालाही म्हणालो, रांगेत या. तो आला रांगेत, आणि त्याच्या आधी तिकिटं संपली. त्या दिवशी स्टेशन मास्तरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. ती थाप मला अजून आठवते. मेव्हण्याचं तोंड तेवढं आठवत नाही.

तर मी फोन ओढून घेतला. “दीक्षा हरणार,” मी म्हणालो. “सहा-एक, सहा-दोन.”

इथं थांबायचं होतं. पण एकनाथराव “वा!” म्हणाले, आणि माझी जीभ सैल सुटली.

“तिच्या बॅकहँडला खांद्याच्या वर बॉल टाका. मागं सरकते ती. शाळेत असताना एकदा बॉल डोळ्यावर बसला, तेव्हापासून भिते. आणि दडपण आलं की दुसरी सर्व्हिस हातातच राहते तिची. मिरेलाला हे दोन गेममध्ये कळेल.”

एकनाथरावांनी टेबलावर हात आपटला. “इसकू बोलते इन्साफ! सगी बेटी कू भी नै छोडा!”

मी मिशीतल्या मिशीत हसलो. काय सांगू, छाती फुगली होती माझी. भलं मोठं काम केल्यासारखा उरलेला चहा संपवला आणि घरी गेलो.

संध्याकाळी दीक्षा सरावाहून आली. जमिनीवर बसून रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होती. सखू आत भाकरी थापत होती. चिक्कडपल्लीच्या एका शाळेत ती ऑफिसात काम करते, तिथून येऊन स्वयंपाकाला लागते. मी नेहमीसारखं विचारलं, “काय म्हणतो सराव?”

दीक्षानं मान वर केली नाही. “पप्पा, ते दोन गेम मला कुठून मिळणार?”

“कोणते दोन?”

“दुसऱ्या सेटमधले. पहिल्यात एक आणि दुसऱ्यात दोन दिलेत ना तुम्ही मला. कुठून मिळतील ते पण सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

सुधीरनं माझं बोलणं आमच्या ग्रुपवरून दुसऱ्या मोठ्या ग्रुपवर टाकलं होतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला आपलं कौतुक वाटलं. तिथून ते सरावाच्या मुलींकडे गेलं. त्यांनी कोर्टाच्या कडेला बसून मोठ्या आवाजात लावलं, आणि दीक्षा तिथंच बुटाची लेस बांधत होती.

“अगं, मी आपलं तटस्थपणे...”

“हौ. समजलं.”

“खोटं तर नाही ना बोललो? तूच सांग. ती पोरगी कुठं आणि—”

“खोटं नाही ओ पप्पा.” तिनं पट्टीचं टोक दातानं तोडलं. “म्हणून तर. ते डोळ्याच्या भीतीचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. आईला पण नाही सांगितलं.”

आतलं भाकरी थापणं थांबलं. सखू पिठाच्या हातांनी दारात आली. “कामून बोललात ओ तसं?”

“लोक म्हणाले असते, बाप म्हणून पोरीची बाजू घेतो.”

“मग म्हणू द्या की! बाप नाहीत का तुम्ही? शेजारी आहात?” तिचा आवाज चढला. “माझ्या भावाला रांगेत उभं केलंत तेव्हा मी गप बसले. म्हटलं, जाऊ द्या, नोकरीचा मामला आहे. आता कोणती नोकरी आहे? आता कोणती खिडकी उघडून बसलात तुम्ही?”

मी खाली पडलेला पट्टीचा तुकडा उचलला.

“आई, भाकरी करपायली,” दीक्षा म्हणाली. मग रॅकेट पिशवीत ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, “उद्या या तुम्ही मॅचला. नाही आलात तर लोक अजून बोलतील तुम्हाला.”

म्हणजे एवढं करूनही पोरीला काळजी माझ्या नावाची. शिव्या दिल्या असत्या तर सोसवल्या असत्या. त्या जेवणात घास उतरेना आणि ताट सोडवेना, कारण ताट सोडलं तर दोघींना पुन्हा माझीच समजूत काढावी लागली असती.

सकाळी फोन करून सुधीरला ते काढून टाकायला सांगितलं. “काढतो काका, पण आता सगळ्यांनी ऐकलंय,” तो म्हणाला. बूँद से गयी वो हौद से नहीं आती.

सखूला रजा मिळाली नाही. मी कोपऱ्यात एकटा बसायचं म्हणून गेलो, तर एकनाथराव आणि सुधीर टोप्या घालून आधीच हजर. माझ्यासाठी जागा धरली होती. मला त्या जागेवर बसायचं नव्हतं, पण उठून जाणार कुठं?

पहिला सेट सहा-एक गेला. मिरेला काही राक्षसीण नव्हती, माझ्या दीक्षाहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठी असेल, पण बॉल असा यायचा की भिंतीवरून परतावा. आणि दोन गेममध्ये तिला ते कळलं. खांद्याच्या वर, बॅकहँडला. दीक्षा मागं सरकायची. पुन्हा तोच बॉल. पुन्हा मागं. मिरेलाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं, मराठी काय तिला कळतं? पण मला वाटत होतं, की मीच तिच्या कानात सांगतोय.

“आकडा बरोब्बर!” एकनाथरावांनी माझ्या मांडीवर थाप मारली.

दुसऱ्या सेटला पाच-दोन झाले. दीक्षाची सर्व्हिस. सुधीर कानाशी येऊन म्हणाला, “काका, हा एक गेम गेला की तंतोतंत. मानलं तुम्हाला.” तो मनापासून म्हणत होता. मला त्याला तिथून ढकलून द्यावंसं वाटलं.

देवापुढं हात जोडायची आमच्या घरी रीत नाही. त्या वेळी मात्र वाटलं, कुणीतरी असायला पाहिजे होतं. मला जिंकणं नको होतं. मला फक्त एक गेम पाहिजे होता. एकच, मला खोटं पाडायला. भर बाजारात माझं थोबाड फुटू दे, पण तिला हा एक गेम मिळू दे.

मिरेलाला मॅच पॉइंट मिळाला. दीक्षाची पहिली सर्व्हिस जाळ्यात. मी बाकाची कड धरली. दुसरी सर्व्हिस हातात राहणार, मला ठाऊक होतं. पोरीनं बॉल दोनदा आपटला, वर फेकला, आणि पहिल्यासारखीच जीव खाऊन हाणली! मिरेलाची रॅकेट उशिरा आली. ड्यूस, बरोबरी.

पुढचाही पॉइंट दीक्षालाच. मग मिरेलानं तोच बॉल काढला, उंच, बॅकहँडला. दीक्षाचा पाय मागं गेला. मी बघितला तो पाय. अर्धा गेला आणि थांबला. ती तिथंच उभी राहिली, आणि डोळ्यांसमोर आलेला बॉल दोन्ही हातांनी मारला, सरळ रेषेत, मिरेलाच्या पलीकडे.

पाच-तीन!

मी उभा राहिलो. ओरडलो. काय ओरडलो कोण जाणे, सुधीर नंतर म्हणाला, की “हाण माझी वाघीण, हाण” असं काहीतरी. पंचांनी माइकवरून खाली बसायला सांगितलं. एकनाथराव सदरा ओढत होते. “अरे बैठो मियाँ! तुमचा आकडा गेला!”

“गेला तर गेला! जाऊ दे मसणात!” मी म्हणालो, आणि रडायला लागलो. साठी ओलांडलेला माणूस, भर उन्हात, दोनशे लोकांत. दीक्षानं वर बघितलं नाही. तिला कशाला बघायला पाहिजे? तो गेम तिनं तिच्यासाठी घेतला होता. मला आपलं वाटत होतं, की माझ्यासाठी.

पुढचा गेम मिरेलानं एकही पॉइंट न देता घेतला. सहा-एक, सहा-तीन. दीक्षानं तिचा हात हातात घेतला, पंचांचा घेतला, आणि सामान गोळा करून चालू लागली.

ती स्कूटरवर मागं बसली. नारायणगुड्याच्या सिग्नलला थांबलो. चारी बाजूंनी हॉर्न. आमच्याकडे बापानं लेकीची माफी मागायची पद्धत नाही. माझ्या बापानं कुणाची मागितली नाही, मी तर सखूचीही मागितली नाही. पुढं बघतच म्हणालो, “चुकलं माझं.”

“काय?” मागून हेल्मेटमधून आवाज आला.

“चुकलं म्हटलं माझं! मी तसं बोलायला नको होतं!”

शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. “माफ कर देव ना बेटा अब्बा कू. कित्ता चिल्लारे बेचारे!”

“देखतूं भाई,” दीक्षा म्हणाली. ती थोडी हसली असावी, मला दिसलं नाही. सिग्नल सुटला.

घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्यात ती माझ्या पुढं होती. पहिल्या मजल्यावर तिनं पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून क्षणभर थांबली. तिचं काही दुखलं तर मला आधी कळतं, कारण ती मलाच सांगत आली. पाय मुरगळला, पोटात दुखलं, भीती वाटली, पप्पा, पप्पा.

“खांदा दुखायला का गं?” दाराशी पोचल्यावर मी विचारलं.

“नाही पप्पा. काहीच नाही,” ती म्हणाली, आणि खिशातली किल्ली काढून डाव्या हातानं कुलूप उघडायला लागली.