धुळीचा चष्मा

माझ्या भावाच्या धाकट्या मुलाची, दिगंबरची, मुंज १९५२ च्या वैशाखात कलकत्त्यात भवानीपूरच्या आमच्या बिऱ्हाडात लागली. त्या दिवशी त्याची थोरली बहीण शकुन पाहुण्यांना वाकून नमस्कार करत फिरत होती. फिरता फिरता तिने आचाऱ्यालाच मामा समजून नमस्कार केला. आचाऱ्याने तोंडभरून आशीर्वाद दिला. खरे मामा रुसून बसले. दादा म्हणाला, "लाजाळू आहे पोर. मान वर करून बघत नाही."

लाजाळू वगैरे काही नव्हती. तिला दिसत नव्हतं. मी विधवा होऊन दादाकडेच राहत होते आणि माझ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी शकुन मला अक्षरं शिकवत होती. माझी पाटी ती डोळ्यांच्या इतकी जवळ धरायची की तिच्या नाकाला पेन्सिलीचं पांढरं लागायचं. मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "आपल्या घराण्यात कुणाला चष्मा नाही." घराण्याने ठरवल्यावर डोळ्यांची काय बिशाद.

दादा म्हणजे श्यामराव, बँकेत हेडक्लार्क. माणूस सुधारलेला. मुलीला सायकल त्यानेच आणून दिली होती आणि शकुन रोज ती चालवत बेहालाला शिक्षिकेच्या कोर्सला जायची. सायकल चालवणारी मुलगी म्हणजे सुधारणा. चष्मा लावणारी मुलगी म्हणजे व्यंग. कलकत्त्यात आमच्या जातीची मराठी घरं मोजून तीस. त्यांतली नऊ सगोत्र. उरलेल्या एकवीस घरांसाठी शकुनने आंधळं राहायचं होतं.

श्रावणात तिने बेहालाच्या एका क्लबात मुलींच्या सायकल शर्यतीला नाव दिलं. शर्यत दिवाळीनंतर, पाच मैलांची. नाव दिल्याच्या तिसऱ्याच दिवशी ती शहाळ्यांच्या उभ्या ठेल्यावर आपटली. हनुवटीला चार टाके पडले.

"ठेलेवाल्याला दिसत नाही का?" दादा म्हणाला.

"ठेला उभा होता, बाबा," शकुन म्हणाली. "मला चष्मा हवाय. नाहीतर शर्यतीत मी मरेन."

"मग शर्यत नको."

"शर्यत सोडली तरी बेहालाला जायचंच आहे. तिथे जाता जाता मरेन."

दादाने टोपी चढवली. आम्ही तिघं धर्मतल्ल्याला घोषबाबूंच्या दुकानात गेलो. त्यांनी डोळे तपासले आणि उणे पाच सांगितले.

"तीन करा," दादा म्हणाला.

घोषबाबूंनी दोन काचा जाग्यावर ठेवल्या. "मोशाय, मी मासे विकत नाही," ते त्यांच्या हिंदीत म्हणाले.

मग फ्रेमी निघाल्या. दादाने बारीक सोनेरी तारेची उचलली. लांबून दिसत नाही म्हणे. घोषबाबूंनी शकुनला मान झटकायला सांगितली. चष्मा माझ्या मांडीत पडला. दुसरी काळी, जाड काडीची. ती हलेना. पण घोषबाबू खरे कारागीर. त्यांनी शकुनला खुर्चीतच हँडल धरल्यासारखं वाकायला लावलं. दादा दाराकडे बघू लागला, ओळखीचं कुणी येत नाही ना.

"समोर बघा. रस्ता कुठून दिसतो?"

"काचेच्या वरून," शकुन म्हणाली. "म्हणजे दिसतच नाही."

"मग ही घ्या." त्यांनी तिसरी काढली. काचा उंच बसणाऱ्या, दांड्यांची लवचीक तार कानामागून पार पाळीपर्यंत वळलेली. "फुटबॉलचे रेफरी हीच नेतात." शकुनने ती लावली, वाकली, मान झटकली आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी मोठ्याने वाचली. मग दुसरी वाचली. तिसरी वाचायला लागली तेव्हा दादाने तिच्या नाकावरून चष्मा काढून घेतला.

"हा फार चष्म्यासारखा दिसतो," तो म्हणाला.

त्याचं लक्ष काचेच्या कपाटाकडे गेलं होतं. लढाई संपल्यावर अमेरिकन शिपाई टाकून गेलेला माल खिदिरपूरच्या बाजारातून शहरभर पसरला होता. त्यातलाच एक मिलिटरी गॉगल तिथे होता. चामड्याची कड, मागे रबरी पट्टा.

"यात नंबर बसेल?"

"बसेल. पण आत वारा जात नाही. घामाने वाफ धरेल."

"वाफ चालेल," दादा म्हणाला. "कुणी विचारलं तर धुळीसाठी आहे."

अशा रीतीने आमची शकुन वैमानिकासारखी बेहालाला जाऊ लागली. तिला धुळीचं वावडं आहे हे दादाने इतक्या घरी सांगितलं की शेजारच्या बोसबाईंनी आपला केर आमच्या दाराकडे लोटायचं बंद केलं. खोटेपणाचा तेवढा एक फायदा झाला.

"आत्या, पहिला अर्धा मैल सगळं दिसतं," शकुन मला म्हणाली. "मग नुसतं दूध." अर्ध्या-अर्ध्या मैलावर उतरून पदराने काचा पुसणारीला शर्यत कोण जिंकू देतं?

शर्यतीला दहा दिवस उरले असताना नागपूरहून बदलून आलेलं एक स्थळ मुलगी पाहायला आलं. मुलगा श्यामकांत, त्याची आई आणि काका. दादाने सकाळीच हुकूम सोडला, "आज गॉगल नाही."

"मग नवरा मुलगा कोणता ते कळणार कसं?" शकुन म्हणाली. "परत आचाऱ्याच्याच पाया पडू?"

ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली ती गॉगल लावून. नऊवारी, नथ आणि मिलिटरी गॉगल. श्यामकांतने बशी घेतली, पण चमचा उचलला नाही.

"हे काय?" त्याच्या आईने विचारलं.

"धूळ," दादा म्हणाला. "कलकत्त्याला धूळ फार."

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. "घरात?"

"घरात तर जास्तच," दादा म्हणाला.

दाराआड माझी वहिनी, प्रेमलता, उभी होती. पहाटे चारपासून तिने घर झाडलं होतं, पुसलं होतं, गाद्यांच्या खोळी बदलल्या होत्या, खिडक्यांचे गज फडक्याने एकेक पुसले होते. वीस वर्षांच्या संसारात पाहुण्यांसमोर ती कधी बोलली नव्हती. ती पुढे आली.

"माझ्या घरात धूळ नाही," वहिनी म्हणाली. "बोट फिरवून बघा. मुलीला नंबर आहे. उणे पाच."

दादा म्हणाला, "अगं."

"पाच," वहिनी म्हणाली. "तीन नाही."

पाहुण्यांनी पोहे संपवले. आठवड्याने पत्र आलं की पत्रिका जुळत नाही. पत्रिका दोन महिन्यांपूर्वीच जुळली होती, पण ग्रहांनाही कधीकधी चष्मा लागतो. दादाने वहिनीशी चार दिवस अबोला धरला. जेवायला मात्र वेळेवर बसायचा.

पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, दादा बँकेत असताना, वहिनी शकुनला घेऊन ट्रामने धर्मतल्ल्याला गेली आणि कानामागून वळणारा तो तिसरा चष्मा घेऊन आली. शर्यतीत सात मुली होत्या. शकुन चौथी आली. पहिल्या तिघींना चष्मा नव्हता, हे दादाने मला दोनदा सांगितलं. शकुन घरी आली तेव्हा घामाने निथळत होती. स्वयंपाकघरात उभी राहून तिने आईला अख्खा रस्ता सांगितला, कुठे खड्डा, कुठे म्हैस, कुठल्या गॅलरीत कोण उभं होतं. वहिनी पोळ्या लाटत ऐकत होती. पुढे शकुन बेहालाच्याच एका शाळेत शिक्षिका झाली.

वहिनी १९५३ च्या डिसेंबरात टायफॉइडने गेली. पाहुण्यांसमोर ती बोलली ती तेवढी एकदाच.