अकरा पिल्लांची कोंबडी

प्रेमदास मास्तरांना कोंबडीची भीती वाटू लागली ती आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी. खऱ्या कोंबडीची नव्हे. कागदावरच्या, त्यांनी स्वतःच काढलेल्या कोंबडीची.

मास्तर नालवाडीच्या एका शाळेत चित्रकला शिकवीत. तेव्हा टेलिव्हिजन मुंबईत होता. वर्ध्यात तो नुसता पाहून आलेला माणूस भेटला तरी लोक त्याला चहा पाजत. त्या टेलिव्हिजनसाठी मुंबईची एक संस्था बालवाडीच्या मुलांकरता गाण्यांची हलती चित्रमालिका करत होती. दर भागात प्राण्यांचं एक कुटुंब. सशाचं झालं होतं, बदकाचं झालं होतं. संस्थेत मास्तरांचा एक जुना वर्गमित्र होता, त्यानं कोंबडीचं कुटुंब मास्तरांच्या गळ्यात घातलं. मास्तरांनी शेकडो चित्रं काढली. ती भराभर उलटली की कोंबडी मान हलवायची आणि गाण्याच्या तालावर एकेक अंडं फुटायचं. पिल्लं अकरा, कारण बालवाडीच्या अनुसयाबाईंच्या कोंबडीला तेवढीच झाली होती. बाईंनी पोरांकडून गाणं बसवून घेतलं होतं आणि मुंबईचा माणूस ते टेपवर भरून घेऊनही गेला होता.

मग एका सकाळी हेडमास्तर अण्णाजींनी मास्तरांना खोलीत बोलावून दार लोटलं.

"मास्तर, पुढच्या हप्त्यात कुटुंबनियोजनाचे साहेब येऊन राह्यले. तुमचे चित्रं पाहतो म्हणते."

"पाहू द्या की."

"पाहू द्या? अकरा पिल्ले आहेत, मास्तर! आपण गावभर भिंतीवर 'दोन पुरेत' लिहून राह्यलो, अन् तुमी टीव्हीवर अकरा पोट्टे नाचवता?"

"कोंबडीचे आहेत, अण्णाजी."

"मंग चित्रं काय कोंबडीनं काढले?"

मास्तरांची खरी धास्ती मात्र वेगळीच होती. त्या दिवसांत शाळेच्या फाटकासमोर जीप थांबली की जवळच्या शेतातले बाप्ये पऱ्हाटीत, कपाशीच्या उभ्या पिकात, आडवे होत. कोणाला नसबंदीच्या ऑपरेशनला नेलं, कोणाला कसं फसवून नेलं, एवढ्याच गोष्टी चालत. तिसरं मूल झालं तर मास्तरची नोकरी जाते आणि वर ऑपरेशनही होतं, असं सगळे सांगत. तसा हुकूम कोणी पाहिला नव्हता, म्हणून त्याची भीती जास्त. मास्तरांना दोन मुली होत्या आणि शोभाबाईंना चौथा महिना चालू होता. त्या पदर सैल घेत आणि विहिरीवर सगळ्यांच्या मागून जात. साहेबाची नजर घराकडे वळू नये, एवढंच आता मास्तरांना हवं होतं.

त्यांनी पांढरा रंग घेतला आणि नऊ पिल्लं पुसून टाकली.

पण गाण्यात अकरा नावं होती. न दिसणाऱ्या नऊ पिल्लांना पोरं हाका मारणार म्हणजे साहेब विचारणारच. तेव्हा मास्तरांनी डोकं चालवून पाच शेजारणी काढल्या आणि दर कोंबडीला दोन-दोन वाटून दिली. शेवटच्या कोंबडीला एकच आलं, ती आदर्श.

अण्णाजींनी चित्र पाहिलं. "बायका सहा, अन् कोंबडा एकच?"

मास्तरांनी आणखी पाच कोंबडे काढले.

अण्णाजी आता कुजबुजू लागले. "बारा जण एका जागी? अन् सगळ्यायचे तोंडं उघडे? मास्तर, याले जमाव म्हणते. घोषणा देऊन राह्यले असं वाटते."

मास्तरांनी सगळ्यांवर पांढरा फासला. शेवटी उरली एक कोंबडी, एक कोंबडा आणि दोन पिल्लं. अंगण मात्र चुना मारल्यासारखं दिसू लागलं.

साहेब आले. चष्मा लावून खुर्चीत बसले. मास्तर चित्रं उलटू लागले, आणि समोर बसलेल्या बालवाडीनं बेंबीच्या देठापासून सूर लावला:

चिंगी आली टोच मारून, पिंगी आली पळत,
ढब्बू बसला अंड्यामंदी, नाई त्याले कळत!

चिंगी दिसली. पिंगी दिसली. ढब्बूच्या जागी अंगण दिसलं. पोरं गातच राहिली, कोंबडी मान हलवतच राहिली.

"गाण्यात तर बरीच आहेत," साहेब म्हणाले. "बाकीची कुठं गेली?"

अण्णाजी छत पाहू लागले.

"घारीनं नेली, साहेब," मास्तर म्हणाले.

गाणं थांबलं. पोरांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. आधी एकानं ओठ काढला, मग सगळी बालवाडी रडू लागली. त्या गोंधळात मास्तरांची धाकटी, चार वर्षांची नलू, उभी राहिली.

"बाबा, मंग आपल्या घरच्या बाळाले बी घार नेईन काय? आईच्या—"

"गाईच्या!" अनुसयाबाईंनी नलूला उचलून तिचं तोंड खांद्यात दाबलं. "गाय गाभण आहे साहेब यांची. पोरगी दिवसभर तिचंच घेऊन बसते."

साहेबांनी चष्मा काढला. मास्तरांकडे पाहिलं.

"कितवा महिना?"

"चौथा," मास्तरांच्या तोंडून खरं निघून गेलं.

"वा. गाईला एकच होतं." साहेब उठले. "पुढचा भाग गाईचा करा. मी परत येईन तेव्हा ती गायही पाहू."

मास्तरांकडे गाय नव्हती. शाळा सुटल्याबरोबर ते शेजारच्या भैयाजींच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले.

"ही गाभण आहे, मास्तर. दूध नाई देत सध्या."

"मले दूध नाई पायजे."

"मंग काय पायजे?"

"गाभणच पायजे. चाऱ्याचं मी पाहतो. काऊन म्हणून विचारू नका."

भैयाजींनी विचारलं नाही. त्या वर्षी कोणीच काही विचारत नसे.

दारात गाय पाहून शोभाबाई सूप हातात घेऊनच बाहेर आल्या. मास्तरांनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. शोभाबाईंनी गाईचं पोट पाहिलं, मग नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"अन् साहेब आले तवा ही समोर राहीन. मंग हे पोट घेऊन मी कुठं जाऊ?"

मास्तरांनी तेवढा विचार केला नव्हता. ते तोंड उघडणार तोच सडकेवर जीपचा आवाज झाला. जीप कोणाची, कुठं चालली, काही कळायला मार्ग नव्हता. दोघंही गाईच्या आड जाऊन उभी राहिली.