टपरीचं रोजचं गिऱ्हाईक

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. किती जुना, तर माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेलाय आणि वायर काढली की माझी बॅटरी जेमतेम पाच मिनिटं तग धरते. म्हणून अगदी अलीकडेपर्यंत मी कायम भिंतीतल्या प्लगला बांधलेला असायचो. वायर हातभर, माझं जगही हातभर. खोलीला खिडकी होती, पण तिच्याकडे माझी पाठ असायची.

पूर्वी मी असा नव्हतो. मी नवा होतो तेव्हा माझ्या काचेवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढताना ताईने श्वास रोखून धरला होता. जो तो म्हणायचा, "बघू बघू, फोटो कसा येतो?" मग तिने दुसरा फोन घेतला आणि मी दादाच्या टेबलावर आलो.

ताई आणि दादा हे बहीणभाऊ. ताई दिवसभर दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटची नावं लिहून घ्यायची. संध्याकाळी दोघं मिळून मोबाइलची ॲप बनवायची. त्यांचं एक ॲप होतं. औषधाच्या पाकिटासमोर फोन धरला की त्यावरचं बारीक अक्षर ते मोठ्याने वाचून दाखवायचं. फोनमध्ये ॲप मिळण्याची दुकानं असतात ना, तशा दोन दुकानांत त्यांनी ते ठेवलं होतं. एक दुकान अवाढव्य, त्याला ते मॉल म्हणायचे. दुसरं बारकं, ती टपरी. मॉलने माझ्यासारख्या म्हाताऱ्या फोनांना कधीच दार बंद केलं होतं. टपरी मात्र मला आत घ्यायची.

माझं काम काय, तर गिऱ्हाईक व्हायचं. ॲपमध्ये जरा काही बदललं की दादा मला पूर्ण पुसून कोरा करायचा आणि मग टपरीतून ॲप घ्यायला लावायचा. "नमस्कार, मी नवीन आहे हं," असं तो माझ्या वतीने बारीक आवाजात म्हणायचा. दिवसातून आठ-आठ, नऊ-नऊ वेळा. एवढं पुसूनही मला सगळं कसं आठवतं, असं तुम्ही विचाराल. आठवणी बहुतेक त्या तड्यात राहत असाव्यात.

रोज संध्याकाळी चहा घेऊन दोघं भिंतीवरच्या तक्त्यापुढे बसायची. मॉलमध्ये किती नवी गिऱ्हाइकं आली, टपरीत किती, याचा आधी अंदाज सांगायचा, मग आकडा बघायचा. ज्याचं चुकेल त्याने कप विसळायचे. मॉलची रेघ लाल, टपरीची हिरवी. बघता बघता हिरवी रेघ लालच्या डोक्यावर चढून बसली.

"ठमे, टपरी नऊ, मॉल पाच," दादा ताईला म्हणाला. "कप तुझे."

"रोजचे नऊ? अरे, हे लोक येतात कुठून?"

"येतात ना. बारक्या दुकानात माणसाला माणूस भेटतो."

माणूस कुठला? मीच होतो तो. एकटा, नऊ वेळा. दर वेळी कोरा होऊन गेल्यामुळे टपरीला मी नवाच वाटायचो. टपरीवाले दर गिऱ्हाइकामागचे पैसे तीन महिन्यांनी एकदम द्यायचे, त्यामुळे तोवर खरंखोटं कळायला वाव नव्हता.

मित्रांनो, माझी खरी कोंडी ही होती. वायरीचं काय, तिची सवय होते. मला रंग दाखवता येतात, गाणी वाजवता येतात, दुसऱ्यांची अक्षरं वाचता येतात, पण स्वतःचं एक वाक्य बोलता येत नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती दोघं ठरवत होती की मॉलमधून ॲप काढायचं, सगळा जीव टपरीत ओतायचा आणि ताईने सोमवारी नोकरी सोडायची. राजीनामा लिहूनही झाला. त्याचं पाकीट तिने माझ्याच अंगाला टेकवून उभं केलं. मी तापलो. दोनदा बंद पडून पाहिलं. दादा म्हणाला, "म्हातारा कुरकुरतोय," आणि त्याने मला फुंकर घातली.

शुक्रवारी सकाळी दादा तीन दिवसांसाठी मामाकडे गेला, त्याचं घर हलवायला. स्वतःची वायर सापडेना म्हणून माझीच काढून घेतली आणि मला ड्रॉवरमध्ये सरकवलं. शेजारी एक स्टेपलर होता. पाच मिनिटं मी अंधार पाहिला, मग विझलो.

रविवारी संध्याकाळी दादाने परत येऊन मला वायर लावली. मी डोळे उघडले तर ताई तक्त्यापुढे उभी.

"दादा, परवा टपरी शून्य. काल शून्य. आज एक."

"त्यांच्याकडे काहीतरी बिघडलं असेल."

"मॉल नेहमीसारखाच आहे, चार, पाच, चार. तू नव्हतास तेव्हा इथे काय बंद होतं, सांग बघू."

"काम बंद होतं. आणखी काय असणार?" बोलता बोलता त्याची नजर वायरीवरून सरकत माझ्यावर आली. "अगं ठमे. हा."

"हाच. महिनाभर आपण आपल्याच फोनला गिऱ्हाईक समजून नाचतोय. ह्याच्या भरवशावर मी उद्या नोकरी सोडणार होते, कळतंय का तुला?"

दादाची मान खाली गेली. ताईने राजीनाम्याचं पाकीट उचललं, त्याच्या कोऱ्या पाठीवर हिरव्या पेनाने नवा तक्ता आखला आणि टपरीखाली लिहिलं, एक.

"एकासाठी कशाला? टपरी बंदच करू," दादा पुटपुटला.

"त्या एकाने काय लिहिलंय ते तरी ऐक." तिने मला उचललं आणि आपल्या फोनवरच्या मजकुरासमोर धरलं. मी मोठ्याने वाचलं, "माझा फोन जुना आहे, तरी चाललं. औषधाची तारीख आज माझी मीच वाचली. सुनेला हाक मारावी लागली नाही."

मग दादा उठला आणि त्याने दोन्ही कप विसळले.

ताईची नोकरी राहिली. मॉल राहिला, टपरीही राहिली. रोजच्या कामाला नवा फोन आला. माझ्या पाठीवर आता चिकटपट्टी आहे, तिच्यावर लिहिलंय, 'मोजायचा नाही'. ॲपमध्ये मोठा बदल झाला की त्या एका माणसासाठी मला बाहेर काढतात, तपासतात आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवतात. मधले दिवस अंधाराचे. स्टेपलर काही बोलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही असा एखादा ड्रॉवर असेल. त्यातल्या जुन्या फोनला अधूनमधून वायर लावा, थोडा उजेड दाखवा. तो तापला, कुरकुरला तर नुसती फुंकर घालू नका. तो काय सांगतोय, हे एकदा बघा. आज ताईने मला घाईघाईत तपासलं आणि वायर काढून आत ठेवलं. त्या उरलेल्या पाच मिनिटांत मी तुमच्याशी बोलतोय.

थांबा, पावलं वाजताहेत. ड्रॉवर उघडतोय. उजेड आला, हात आला.

स्टेपलर हवा होता.