कालियोपीने सोडलेला बाप्तिस्मा

निवडणूक अगदी तोंडावर आली होती आणि कालियोपीला झोप छान लागत होती. तिसऱ्यांदा उभी होती ती. पहिल्या वेळी ती रात्र रात्र जागली होती, दुसऱ्या वेळी पहाटेच उठून बसायची. आता मात्र सकाळी बियाण्यांचं दुकान उघडायचं आणि दुपारी सायकलवर टांग टाकून गल्ल्या फिरायच्या, असं निवांत चाललं होतं. कुणाच्या दारात कॉफी मिळायची, कुणाच्या दारात शिव्या. ती दोन्ही हसून घ्यायची. ग्रीसमधल्या आमच्या कार्दित्सात सगळेच सायकलवर फिरतात, पण तिची घंटा लोकांना ओळखू यायची. ती वाजली की एखादी बाई खिडकीतून ओरडायची, "अगं कालियोपी, कोपऱ्यावरचा दिवा अजून लागला नाही!"

"लागेल! दिव्याची तार आलीय. मी पडले तरी लागेल!"

"तू कसली पडतेस!"

तिलाही तसंच वाटत होतं.

आमच्याकडे नगरपालिकेच्या निवडणुकीत समोरच्या यादीतल्या माणसाची फारशी भीती नसते. तो उघड शत्रू. मतदार आपल्या पसंतीची यादी उचलतो आणि तिच्यातल्या आवडत्या नावांपुढे फुल्या मारतो. ज्यांना जास्त फुल्या, ते आत जातात, बाकीचे घरी बसतात. त्यामुळे खरी मारामारी घरातल्या घरात. कालियोपीच्या यादीत मेनेलाओस औषधवाला होता. मंचावर दोघं गळ्यात गळे घालून उभे राहायचे आणि खाली उतरलं की तो लोकांच्या कानात सांगायचा, "कालियोपी तर येणारच आहे, तिला कशाला फुली वाया घालवता? मला द्या."

पण कालियोपीची फौज मोठी होती. ती फौज म्हणजे तिच्या धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला कुंडातून उचलून घेते ती त्याची नोना. त्या दिवसापासून ते मूल तिचं, आणि मुलाचे आईबाप तिचे कुंबारे, म्हणजे रक्ताच्या नात्याहून एक बोट वरचेच; तेही तिला कुंबारा म्हणणार. कालियोपीने आयुष्यभर फक्त मुलीच घेतल्या होत्या. शहाणी माणसं तसंच करतात. एकाच माणसाच्या हातांनी कुंडातून काढलेली दोन मुलं देवाघरी भाऊबहीण होतात, पुढे त्यांचं लग्न होऊ शकत नाही. लहान शहरात मुलगेही घ्यायचे आणि मुलीही घ्यायच्या म्हणजे लोकांच्या सोयरिकींवर कुऱ्हाड चालवायची. म्हणून घेतल्या तर मुलीच, नाहीतर मुलगेच.

तिच्या सगळ्या कुंबाऱ्यांत पहिला नंबर वायोसचा. कापसाच्या ट्रकचा मालक, आवाज ट्रकच्या भोंग्यासारखा. त्याची मुलगी असिमिना ही कालियोपीची पहिली धर्मकन्या. ती आता लारिसा शहरातल्या दवाखान्यात परिचारिका होती. प्रचाराची सगळी सूत्रं वायोसने न मागता आपल्या हातात घेतली होती.

मतदानाच्या आधीच्या रविवारी चौकातल्या कॉफीच्या दुकानात तो आणि कालियोपी बसले होते. इलिर समोर आला. हा अल्बानियाहून आलेला फरशीवाला, तिशीच्या आतला, हाताने सफाईदार आणि बोलायला लाजाळू. शाळेपुढचा पदपथ त्यानेच घातला होता आणि कामाचे पैसे अडले तेव्हा कालियोपीने नगरपालिकेत टेबलावर हात आपटून ते सोडवले होते. त्याने टोपी काढली आणि तो सगळ्यांच्या देखत आदराने म्हणाला,

"कीरा-कालियोपी, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. आमच्याकडे लहानपणी कुणी दिला नाही, तेव्हा धर्मालाच मनाई होती. तुम्ही माझी नोना व्हाल का?"

कालियोपीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला क्षणभर आपला नियम आठवला, नाही असं नाही. पण तिने तो झटकून टाकला. हा बाप्या माणूस, हा काय माझ्या पोरींपैकी कुणाशी लग्न करतोय? गावाकडची कुणीतरी आणेल आपली.

"होईन की! का नाही होणार? येत्या शनिवारी!"

टाळ्या पडल्या. वायोसने उठून सगळ्यांना त्सिपुरो दारू पाजली आणि तो तिच्या कानाशी वाकला. त्याच्या मते ती कुजबुज होती, पण ती पार रस्त्यापर्यंत ऐकू गेली. "कुंबारा, बांधकामावरची त्याची सगळी माणसं, त्याचा काका, चुलतभाऊ, सगळे आता मतदार झालेत. सगळ्यांच्या फुल्या खिशात! औषधवाल्याला आता स्वतःच्याच दुकानातली डोकेदुखीची गोळी घ्यावी लागणार!"

मेनेलाओस दोन टेबलं पलीकडेच होता. त्याने कॉफी अर्धी टाकली आणि तो उठून गेला.

बुधवारी दुपारी असिमिना लारिसाहून आली. दुकानात शिरली ती थेट पोत्यांच्या मागे जाऊन उभी राहिली, जिथून रस्त्यावरचं कुणी पाहत नाही.

"नोना, काय करून बसलीस तू?"

"काय झालं ग? रंग का उडालाय तुझा?"

"इलिरला तू कुंडातून काढणार? मग माझं काय?"

कालियोपीच्या हातात पालकाच्या बियांचं माप होतं. ते तसंच राहिलं.

"तुझं काय म्हणजे?"

"आम्ही दीड वर्षापासून... नोना, तो माझ्यासाठीच बाप्तिस्मा घेतोय. चर्चमध्ये लग्न करायचंय म्हणून! आणि तू माझ्या नवऱ्याला माझा भाऊ करायला निघालीस!"

"अगं मग त्या गाढवाने मलाच का विचारलं?"

"त्याला कुठे ठाऊक आपल्या या गोष्टी! तुला आनंद होईल म्हणून विचारलं. नोना मला सगळ्यात जवळची आहे, असं मीच त्याला शंभरदा सांगितलं होतं." ती हुंदका आवरून म्हणाली, "पण तुला तर हा नियम ठाऊक होता ना? तुझ्या मनात आलंच नाही?"

"मला काय स्वप्न पडणार होतं, की तू आणि तो..."

"का नाही? तो फरशीवाला आहे म्हणून? अल्बानियाचा आहे म्हणून?"

कालियोपीने माप पोत्यात टाकलं. मंचावरून सगळ्या शहराला ती सांगायची की इथे राहतो तो इथला. आणि मनात मात्र तिने त्या पोराचं लग्न केव्हाच सरहद्दीपलीकडे लावून टाकलं होतं. तिला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

"बाबांना सांगू नकोस," असिमिना म्हणाली. "निवडणूक होईपर्यंत तरी नको. ते पिसाळले तर तुझंच नुकसान."

कालियोपीने सायकल काढली आणि ती पापा-सोतिरिसकडे, म्हणजे चर्चच्या पाद्र्याकडे गेली. तो चर्चच्या मागे वांग्यांना पाणी घालत होता.

"पापा, काही वाट?"

"एक नोना म्हणजे भाऊबहीण. मी हे लग्न लावलं तर बिशप माझी दाढी उपटेल. शनिवारी दुसरं कुणी उभं कर. पण एक सांगतो, कबूल केलेला बाप्तिस्मा सोडणं लोक विसरत नाहीत. आणि मतदान रविवारी आहे."

"ते मला ठाऊक आहे, पापा."

"मग पुढे ढकल."

"त्याची आई तिराणाहून निघालीय. तिला काय सांगू, माझी मतं मोजून झाली की मग या?"

दुसरं कुणी म्हणजे कोण? कुणी ऐरागैरा उभा केला तर पोराचा अपमान झाला असता. माणूस वजनदार हवा, ज्याच्या नावाने इलिरच्या माणसांची मान ताठ राहील. कालियोपीने मनातल्या मनात सगळं शहर पालथं घातलं, आणि प्रत्येक वेळी तिची सायकल एकाच दुकानापुढे येऊन थांबली. शेवटी ती उतरली आणि आत गेली.

मेनेलाओस चष्म्यावरून बघत राहिला. "काय पाहिजे? झोपेची गोळी?"

"शनिवारी इलिरचा नोनो तू हो."

त्याने दुकानाचं दार आतून लावलं. "यात मेख काय आहे?"

"मेख नाही. मी मुलीच घेते, सगळ्या शहराला ठाऊक आहे. भरात बोलून गेले."

"तिशीच्या माणसाला कसला आलाय मुलगा आणि मुलगी? रविवारी आठवलं नाही, आज आठवलं?" तो थांबला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "अच्छा! म्हणजे तुझ्या पोरींपैकी कुणीतरी..."

"मेनेलाओस." ती काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली. "या शहरात कोण कसली गोळी खातो, कुठल्या नवऱ्याला काय लागतं आणि कुठल्या विधवेला काय, सगळं तुला ठाऊक आहे. आजवर एक शब्द बाहेर गेला नाही. म्हणून तुझ्याकडे आले."

त्याने काउंटरवरच्या बाटल्या उगाच सरळ केल्या. "तुला कळतंय ना, त्या सगळ्या फुल्या मला पडणार?"

"फुल्या मला मोजता येतात."

"आणि तुला लोक काय म्हणतील?"

"ते मी बघते. फक्त एक अट. नाव देण्याचा हक्क नोनोचा, कबूल. पण त्याचं नाव मेनेलाओस ठेवायचं नाही. पोरीला जन्मभर त्या नावाने हाक मारायचीय."

औषधवाला पहिल्यांदाच खरं हसला.

गुरुवारी बातमी फुटली आणि लोक म्हणायचे तेच म्हणाले. तोंडाने गोड, पण परक्याच्या पोराला हात लावायची वेळ आली तर बाई मागे सरली. तिने खरं कारण अर्धं सांगितलं, मी मुलीच घेते एवढंच, आणि तेच लोकांना खोटं वाटलं. इलिरचा काका रस्त्यात भेटला आणि त्याने मान फिरवली. कालियोपीला त्या दिवशी सायकल जड गेली. तरी तिने एकही गल्ली चुकवली नाही.

वायोस दुकानात आला तो ओरडतच. "कुंबारा, डोकं फिरलं का तुझं? हातातला घास त्या गोळ्या विकणाऱ्याच्या तोंडात घातलास! का?"

"उद्या संध्याकाळी घरी येते, तेव्हा बोलू."

मग तिने असिमिनाला फोन केला. "उद्या तू तुझ्या बाबांना सांगणार आहेस. मी शेजारी बसेन."

"नोना, रविवार होऊ दे ना! ते चिडले तर आमच्या सगळ्या घराच्या फुल्या जातील तुझ्या."

"त्या माझ्या आहेत, मी बघेन. शनिवारी तो पोरगा पाण्यात उतरणार तुझ्यासाठी, आणि तुझा बाप समोर उभा राहून टाळ्या वाजवणार आंधळ्यासारखा? तुझ्या बापाला मी असं हसं होऊ देणार नाही. माझ्या फुल्यांसाठी तर नाहीच."

शुक्रवारी वायोसच्या बायकोने पालेभाजी भरून पाई भाजली होती. कुणी खाल्ली नाही. असिमिनाने तीन वाक्यांत सगळं सांगितलं आणि ताटाकडे बघत बसली. वायोसचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला.

"फरशीवाला," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"आपल्या अंगणातली फरशी त्यानेच बसवली ना? उखडली का कुठे?"

"नाही, बाबा."

"तीच तर पंचाईत! उखडली असती तर त्याला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या." मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याने टेबलावर मूठ आपटली. काटेचमचे उडाले. "थांबा! म्हणजे माझ्या जावयाचा नोनो कोण? मेनेलाओस? तो औषधवाला माझ्या घरी ईस्टरला कोकरू खायला बसणार? कुंबारा, तू मला हे काय सोयरं आणून दिलंस!"

"दुसरा वजनाचा माणूस नव्हता."

"दहा वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडतोय! पोराचं एक वेळ मी बघून घेईन, हा माणूस मला पचायचा नाही!"

बायको तोंडावर पदर घेतल्यासारखा रुमाल धरून हसत होती. वायोसला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. रात्री तो मुलीशी बोलला नाही, कालियोपीला दारापर्यंत सोडायलाही आला नाही. आपल्या मतांचं काय, हे तिने विचारलं नाही.

शनिवारी चर्च भरलं होतं. कालियोपी मागच्या खांबाशी उभी राहिली. मोठ्या माणसासाठी कुंड पुरत नाही, म्हणून पापाने द्राक्षं तुडवायची टाकी आणवली होती. मेनेलाओसच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या, तेल त्याच्या नव्या कोटावर सांडलं. पापाने नाव विचारलं तेव्हा तो दम घेऊन "इलियास" म्हणाला आणि मागे वळून त्याने कालियोपीकडे बघितलं. इलिरची आई काही न कळता रडत होती.

बाहेर आल्यावर बायका कालियोपीपासून दोन हात लांबून चालल्या. तेवढ्यात पायऱ्यांवर वायोस उभा राहिला, सुटाबुटात, डोळे सुजलेले. त्याला मंच लागत नाही.

"ऐका रे सगळे! हा ओला झालाय ना, हा माझा जावई होणार आहे! कालियोपीने याला हात का लावला नाही, ते आता ज्याच्या त्याच्या टाळक्यात शिरलं असेल. आणि ज्यांनी तिला नावं ठेवली, त्यांनी उद्या फुली मारताना जरा लाजावं!"

मग इलिरचा काका गर्दीतून वाट काढत आला आणि कालियोपीचा हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. सगळेच काही आले नाहीत. काहींनी तोवर मेनेलाओसला शब्द दिला होता आणि आमच्याकडे शब्द रात्रीतून फिरत नाही.

रविवारच्या मोजणीत यादीत मेनेलाओस पहिला आला. गेल्या दोन्ही वेळी तो मान कालियोपीचा होता. ती या वेळी आत गेलेल्यांत सगळ्यात शेवटची आली, तिच्या खालचा माणूस थोडक्यात राहिला. वायोसने तरी तिला मिठी मारून उचललं, कारण आत म्हणजे आत.

सोमवारी ती औषधांच्या दुकानात गेली.

"अभिनंदन. आता लग्नात नवरानवरीच्या डोक्यांवर मुकुट मी धरणार."

"कसं काय? नवऱ्याचा नोनो मुकुट धरतो. रीतच आहे."

"नवरा तुला दिला कुणी?"

"दिला म्हणजे दिला. परत मागायचा नाही."

"मेनेलाओस, पाच वर्षं तुला माझ्या शेजारी बसायचंय. प्रत्येक बैठकीत."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दोघांनी धरले तर?"

"मी उजव्या बाजूला," कालियोपी म्हणाली आणि बाहेर येऊन तिने सायकलची घंटा वाजवली.