मिठाच्या बरणीला टेकलेला डॉक्टर

रविवारी सकाळी त्या घरात चहाबरोबर डॉक्टर यायचा. म्हणजे फोनवर हो! सुनेचा नवरा फोन मिठाच्या बरणीला टेकवून उभा करायचा, सासूबाई खुर्ची पुढे ओढायच्या, आणि सातासमुद्रापलीकडच्या मायदेशातून आधी त्याच्या मोठ्या दादांचं टक्कल दिसायचं, मग चेहरा. दादा डॉक्टर होते. दातांचे. पण डॉक्टर तो डॉक्टर! सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याचं पित्त, पोरीचा खोकला, सगळ्यावर दादाच औषध सांगणार, आणि तिकडून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून गोळ्या इकडे येणार.

परदेशात येऊन इतकी वर्षं झाली, पोर इथेच वाढली, नववीत गेली, पण कोपऱ्यावरच्या दवाखान्यात यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. इथे आधी नाव घालून ठेवायचं असतं, मग तो तुमचा नेहमीचा डॉक्टर. "नाव कशाला घालायचं? जन्मभर राहायला आलोय का? पुढच्या वर्षी परतच जायचंय," असं नवरा म्हणायचा. दरवर्षी म्हणायचा!

तर या घरची सून. लाँड्रीत इस्त्री करायची, बोलायला कमी. एका शनिवारी तिनं नवऱ्याला हळूच सांगितलं, छातीत गाठ लागतेय. आणि हा पठ्ठ्या काय करतो, रविवारी चहाचा घोट घेतो आणि सरळ फोनला सांगतो, "दादा, हिच्या छातीत कसलीशी गाठ आहे म्हणते."

पोर समोर बसलेली. सुनेची मान जी खाली गेली!

"कुठल्या बाजूला?" दादा म्हणाले. "दाखव म्हणावं कॅमेऱ्यात."

"इथे?" तिच्या तोंडून एवढंच निघालं.

"अगं, डॉक्टर आहे तो! डॉक्टरपुढे कसली लाज?" नवरा म्हणाला.

"मी नाही का गुडघे दाखवत?" सासूबाई म्हणाल्या. "मोठी लाजाळू लागून गेली."

तिनं स्वेटर गळ्यापर्यंत ओढून धरला. बाकी काही नाही केलं.

"बरं, दुखते का?" दादांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर! चरबीची असेल. जी दुखत नाही ती बिनविषारी. हं, आई, तुझे गुडघे काय म्हणतात?"

झालं. विषय संपला. तिला खरं तर अजून एक सांगायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण लग्न ठरताना मामांनी बजावलं होतं, "आई तापानं गेली, एवढंच सांगायचं. त्या गाठीचं नाव काढलंस तर दारात कुणी उभं करणार नाही." तिनं तेव्हा गिळलं होतं. आताही गिळलं.

गाठ वाढत गेली. "कोपऱ्यावर दाखवून येऊ का?" तिनं एकदा विचारलं, तर नवरा उसळलाच. "घरचा डॉक्टर असताना? दादाला काय वाटेल?" सासूबाई भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "इस्त्री चुकवायची असेल, दुसरं काय." आणि घरच्या ग्रुपवर तर कहर! दादांच्या बायकोनं, थोरल्या जाऊबाईंनी लिहिलं, "काय गं, गाठोडं अजून सांभाळतेस का?" खाली हसरे चेहरे. त्यातला एक नवऱ्यानं टाकलेला.

शेवटी लाँड्रीत तिचा हात वर जाईना. चादरीवर इस्त्री तशीच राहिली, जळका वास सुटला. मालकीणबाई धावत आल्या, इस्त्री उचलली, तिच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुझा नेहमीचा डॉक्टर कोण?"

"दीर."

"कुठे असतो?"

"फोनवर."

मालकीणबाई हसल्या नाहीत हं. दुकानाला कुलूप लावलं आणि तिला स्वतःच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. तिथे डॉक्टरबाई दारातच मालकिणीला म्हणतात, "मुलगा बोलायला लागला का परत? आणि मीठ कमी केलंय ना?" ही बघतच राहिली. आपल्याला असं ओळखणारं कुणी या अख्ख्या गावात नाही!

मग दार लागलं. तिच्या शरीराबद्दल पहिल्यांदाच दार लावून बोलणं झालं. डॉक्टरबाईंनी हात धुतले, तपासलं, आणि विचारलं, "आईला किंवा मावशीला असं काही होतं?"

ती रडायलाच लागली. "आई यानंच गेली."

"हे आजवर कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही हो."

डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाल्या, "तुम्ही इथे आलात तेव्हाच माझ्याकडे नाव घातलं असतंत, तर मी पहिल्याच भेटीत विचारलं असतं. आणि दरवर्षी तपासत राहिले असते."

तपासण्या झाल्या. कॅन्सर होता, हाडांपर्यंत गेलेला. बरं होणार नाही, औषधांनी लांबवता येईल, असं स्पष्टच सांगितलं.

पुढच्या रविवारी पुन्हा चहा, पुन्हा बरणी, पुन्हा टक्कल. दादा म्हणाले, "मी तर म्हटलं होतं, दाखव! हीच लाजली. आता मी काय करू?" आणि नवऱ्यानं मान डोलावली! खरंच डोलावली! सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि विचारलं, "आता पोळ्या कोण करणार?"

तिनं कुणाकडेच बघितलं नाही. पोरीकडे वळली.

"ऐक बाळा. तुझी आजी तापानं नाही गेली. ती छातीच्या गाठीनं गेली, आणि माझीही तीच गाठ आहे. उद्या शाळा सुटली की डॉक्टरबाईंकडे तुझं नाव घालायचं. आत तू एकटी जायचंस, दार लावून. आणि हे सगळं त्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं."

"हळू बोल गं बये!" सासूबाईंनी तिचा दंड धरला. "तिकडे फोनवर थोरली सून ऐकतेय! उद्या पोरीचं लग्न कसं व्हायचं?"

तिनं दंड सोडवून घेतला. बरणीला टेकलेला फोन उचलला, तोंडाजवळ धरला, आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.