शिपाई उभा हाय

बैल सोडल्यावर गाडीच्या धुरेखाली जो लाकडी टेकू लावतात, त्याला शिपाई म्हणतात. वलवणच्या महिपतीचं निम्मं आयुष्य बैलगाडीवर गेलं होतं. त्यामुळे लढाई संपल्यावर धाकट्या भावानं, नथूनं, लिलावातून पलटणीची फटफटी आणली, तेव्हा तिच्या बाजूच्या लोखंडी टेकूलाही महिपतीनं शिपाईच करून टाकलं. नथू हसला. टेकू तो टेकू, मग तो इंग्रजाचा का असेना, असं महिपतीचं म्हणणं.

नथू फटफटीवरून लोणावळ्याला दूध घाली आणि साखळीला वंगण महिपती घाली. पोटाखाली ओंडका सरकवून मागचं चाक अधांतरी करायचं, कलू नये म्हणून शिपाई लावायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि बोटांना चिंधी गुंडाळून फिरत्या साखळीवर धरायची, ही त्याची तऱ्हा.

"दादा, इंजिन बंद कर आन् चाक हातानं फिरव. पयल्या धन्याचा हात हिच्यातच गेला म्हनत्यात," नथू बजावून थकला. पण महिपती ऐकेल तर शपथ. गाडीचं चाक बसवावं तर त्यानंच, असा त्या उजव्या हाताचा लौकिक होता. त्यावर घर चालत होतं, आणि त्याचा तोराही होता.

श्रावणातल्या एका सकाळी अंगणात दाट धुकं होतं. नथू ओढ्यावर गेला होता. महिपती मागच्या चाकाशी बसला आणि ओरडला, "अगं, शिपाई उभा हाय का?" चाकापाशी बसलेल्यानं पुढच्याला विचारायचं, उठून बघायचं नाही, ही गाडीवानांची जुनी खोड.

"व्हय, उभा हाय," ओट्यावर तांदूळ निवडणारी त्याची बायको विठाबाई म्हणाली.

साखळी फिरू लागली. एरवी फटफटी नुसती थरथरायची. आज इंजिन चालू असूनही ती गप उभी होती, कुणी दाबून धरल्यागत. भिजलेल्या लोकरीच्या कापडाचा वास येत होता.

"अवं, किती येळ उभं ठेवायचं त्या शिपायाला?" विठाबाई म्हणाली.

"कंच्या शिपायाला?"

"त्यो काय, खाकीवाला. तुमच्या फटफटीला धरून उभा हाय की मगाधरनं. एकच हात हाय बिचाऱ्याला."

महिपतीनं वाकून पाहिलं. लोखंडी शिपाई वर दुमडलेलाच होता. लावायचा राहूनच गेला होता. तरी फटफटी सरळ उभी होती. पलीकडे मान वर करून बघायची त्याची छाती झाली नाही. हात हळूच मागं घ्यावा आणि विठाबाईला गप्प राहा म्हणावं, एवढंच त्याच्या मनात होतं, पण विठाबाईनं तेवढी सवड दिली नाही.

दारी आलेल्याला ताटकळत ठेवणं विठाबाईला कधी जमलंच नव्हतं. तिनं सूप बाजूला सारलं आणि पदर सावरला.

"पावनं, उभं का? बसा की," ती म्हणाली.

पाहुणा बसला. फटफटी महिपतीच्या अंगावर आली आणि चिंधीसकट त्याचा उजवा हात साखळीत गेला.

आता नथू साखळी हातानं फिरवतो आणि महिपती डाव्या हातानं जेवतो. विठाबाई मात्र तेव्हापासून दारी आलेल्या कुणालाच बसा म्हणत नाही.